दोघांची नोंद

सकाळी नऊच्या सुमाराला ग्राँ बेच्या धक्क्यावरून कॅटामरान सुटतं. लग्नाला पंचवीस वर्षं झालेले तुम्ही दोघं पुढच्या जाळीवर पाय पसरून बसता. मुलं मार्गी लागली, घराचे हप्ते फिटले, म्हणून या भाद्रपदात मॉरिशस. वाटेत क्वां द मीरचा कडा समुद्रातून सरळ उभा राहतो आणि लांब शेपटीचे पांढरे पक्षी त्याच्या कपारींत शिरतात. मग गाब्रिएल बेट येतं. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, बोटीवर भाजल्या जाणाऱ्या माशांचा वास. तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरता, एकमेकांचा हात धरून किनाऱ्याला लागता.

आता मागे वळून पाहा. बोट नाही. जानेवारी १८५६ आहे.

वाळू तीच आहे, पण ती माणसांनी भरली आहे. कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फतेह मुबारक’ या जहाजांवर रोगाची साथ होती, म्हणून पोर्ट लुईने त्यांवरच्या मजुरांना बंदरात न घेता इथे उतरवलं. दिवस वादळांचे, डोक्यावर धड छप्पर नाही, प्यायला पुरेसं पाणी नाही. शेजारच्या फ्लॅट बेटावर नुकतंच बांधलेलं दीपगृह दिसतं. ते येणाऱ्या जहाजांसाठी. तुमच्यापासून दहा पावलांवर एक बाई नवऱ्याच्या अंगावर स्वतःच्या लुगड्याचा पदर धरून बसली आहे, ऊन लागू नये म्हणून. हात अवघडला की ती पदर दुसऱ्या हातात घेते. तुम्ही तिला पाणी देऊ शकत नाही. त्या मुक्कामात या बेटावर दोनशेहून जास्त माणसं गेली. पुढे हिंदुस्थान सरकारने काही काळ मॉरिशसला मजूर पाठवणंच बंद केलं, इतका तो प्रकार गाजला. तरी आज जेवणाआधी बोटीवर जी माहिती सांगतात, तिच्यात ही बाई असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

इथून तीन वर्षं पुढे चला. १८५९.

या वेळी तुम्ही पाहुणे नाही. तुम्ही रत्नागिरीकडचे नवरा-बायको आहात, विशीतले. दलालाने गावात येऊन सांगितलं की महिन्याला पाच रुपये आणि वर शिधा मिळेल. गलबतातून मुंबईला, आणि तिथून शिडाच्या जहाजात. महिन्याहून जास्त दिवस चहूकडे फक्त पाणी. कोकणातल्या माणसाला समुद्र नवा नाही, पण ज्या समुद्राला पलीकडचा काठच दिसत नाही तो नवा आहे. तिने खणाच्या चोळीत हळकुंड बांधून आणलंय. त्याच्याजवळ एक घोंगडी आहे, खाऱ्या वाऱ्याने कडक झालेली.

पोर्ट लुईच्या बंदरात त्रू फाँफारोंला होडी लागते आणि तुम्ही काळ्या दगडाच्या पायऱ्या चढता. पाय लटपटतात, कारण जमीन हलत नाही याची सवय मोडली आहे. वर गर्दी आहे. या एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त हिंदी माणसं या बेटावर उतरणार आहेत. एवढी पुन्हा कोणत्याच वर्षी येणार नाहीत. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, उसाचे मळे मात्र वाढत राहिले, आणि गुलामांच्या जागी मळेवाल्यांना कराराची माणसं हवी आहेत.

तुमचा नंबर लागतो. कारकून मान वर न करता विचारतो, दुभाषा ते तुमच्यापर्यंत पोचवतो. नाव? बापाचं नाव? वय? उंची मोजतात, अंगावरची खूण शोधतात. तिच्या हनुवटीवरचं गोंदण पाहून टाक थांबतो आणि पुन्हा चालू लागतो. जिल्हा? गाव? तुम्ही गावाचं नाव सांगता, तो कानाला आलं तसं रोमन लिपीत उतरवतो. ही कोण? बायको. तेवढंच. लग्न कधी झालं, कुठल्या मुहूर्तावर, मांडव कोणी घातला, हे कोणी विचारत नाही. या बेटावर धर्माच्या रीतीने लागलेलं लग्न कायद्याला पुरत नाही, दप्तरात चढलं तरच ते लग्न. तुमच्या संसाराची एकच तारीख कागदावर येते: उतरल्याची.

त्या कारकुनाला वाटतं त्याने फक्त तुमचं नाव लिहिलं. प्रत्यक्षात त्याने तुमच्या पतवंडांचं आडनाव लिहिलं आहे, कारण इथे पुष्कळ घरांत मूळ पुरुषाचं नावच पुढे आडनाव झालं.

दोन दिवस बंदरावरच्या मजुरांच्या आगारात. भात, डाळ, भिंतीला टेकून झोप. तिसऱ्या दिवशी मळ्याची वाट. तिथे एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांची मजुरी कापतात. दिवसभर ऊस, रात्री झोपडी. आई नाही, सासू नाही, माहेर नाही, भाऊबंद नाहीत. आजारपणात कपाळावर हात ठेवायला, बाळंतपणात पाणी तापवायला, भांडायला आणि रुसवा काढायला तुम्ही दोघंच. आपण सुट्टीवर जाऊन दोन-चार दिवस ‘फक्त दोघं’ असतो आणि त्याचं केवढं अप्रूप वाटतं. त्यांचं ते आयुष्य होतं. त्यांच्या संसारांबद्दल मला जो आदर वाटतो, तो कुठल्याही ऐतिहासिक प्रेमकथेबद्दल वाटत नाही.

आता परत या. त्रू फाँफारोंच्या त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. पायऱ्या आहेत, इस्पितळाच्या भिंती आहेत, स्वयंपाकघराचे अवशेष आहेत. दर २ नोव्हेंबरला इथे माणसं जमतात, कारण १८३४ मध्ये त्या दिवशी ‘अॅटलस’ जहाजातून छत्तीस मजूर आले होते. सगळ्या बेटाने मिळून पाळायचा वाढदिवस आहे तो. आणि मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या कारकुनांनी भरलेल्या नोंदवह्यांची चळत अजून जपलेली आहे. पणजोबांचा नोंदवहीतला नंबर माहीत असला की लोक तिथे जाऊन आपलं पान शोधतात.

तुमच्या सहलीत चतुर्थी येते. गणपतीची इथे सरकारी सुट्टी असते, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी, म्हणजे दीड दिवसाच्या विसर्जनाला. कास्कावेलकडच्या मराठी वस्तीतून मिरवणूक समुद्राकडे निघते. पुढे झाकरी नाचणारी पोरं, कोकणातल्या जाखडीचीच ही बहीण; मागे क्रिओल बोलणाऱ्या बायका, तोंडाने आरती मराठीत.

नववारी नेसलेल्या एक आजी तुम्हाला थांबवतात. जपून, शाळेत शिकल्यासारखं मराठी बोलतात. ‘तुम्ही महाराष्ट्रातून? मग हे वाचा.’ फोनवर नोंदवहीच्या पानाचा फोटो आहे. जिल्हा कळतो, रत्नागिरी. गावाचं नाव मात्र त्यांच्या घरात कोणालाच लागलेलं नाही.

तुम्ही दोघं फोनवर वाकता. ‘सुंगमी... सुर?’

‘अहो, संगमेश्वर!’

‘संगमेश्वरच आजी, नक्की. दोन नद्यांचा संगम आहे तिथे, जुनं देऊळ आहे. चिपळूणच्या पुढे, रत्नागिरीच्या अलीकडे.’

आजी नातवाला हाक मारतात. तो ताशा थांबवून येतो आणि थेट विचारतो, मुंबईत उतरल्यावर तिथे जायचं कसं? तुमच्यातली ती त्याच्या फोनमध्ये लिहून देते: कोकण रेल्वे, स्टेशन संगमेश्वर रोड.