मनोरथाची चाके

पोटापाण्यासाठी नाही, बाजारहाटासाठी नाही, केवळ शनिवार-रविवारी बाहेर काढून मनसोक्त पळवावी म्हणून घेतलेली स्वप्नातली गाडी. हिला मराठीत काय म्हणावे, असा विचार करू लागलो की पहिला शब्द सुचतो तो ‘मनोरथ’. मनाचा रथ अशी त्याची फोड आपण सहज करतो आणि ती पटतेही. पण संस्कृत कोशात डोकावले तर प्रकरण इतके सरळ नाही. कोशकार मोनियर-विल्यम्स ‘रथ’ हे दोन निरनिराळे शब्द मानतो. एक चाकांचा. तो ‘ऋ’ म्हणजे जाणे या धातूवरचा, आणि लॅटिन ‘रोटा’, जर्मन ‘राड’ या चाकवाचक शब्दांचा सगोत्री. दुसरा ‘रथ’ ‘रम्’ धातूवरून आलेला, म्हणजे रमणे, आनंद. मनोरथातला रथ त्याच्या मते हा दुसरा. मूळ शब्द ‘मनोऽर्थ’ असावा आणि प्राकृतातून फिरून आल्यावर त्याला चाके फुटली असावीत, असाही एक तर्क आहे. व्युत्पत्ती कोणतीही खरी धरा, बोलणाऱ्यांच्या कानांनी मात्र इथे गाडीच ऐकली. इच्छा म्हटली की ती पळणारच, हे त्यांनी गृहीत धरले असावे.

अशा गाड्या दिसण्याचा एक रस्ता आहुप्याचा. आंबेगाव तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. घोडेगाव सोडले, डिंभ्याच्या जलाशयाची साथ धरली की रस्ता वळणे घेत तिथवर चढतो. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते गाव याच पाण्याखाली गेले. नाव तेवढे कागदावर तरंगत राहिले. सुट्टीच्या दिवशी या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या हौशी मोटारी दिसतात. (‘सुट्टी’ हा हिंदी ‘छुट्टी’चाच मराठी अवतार. ‘छुरी’ची ‘सुरी’ झाली त्या वाटेने ‘छूटना’चे भावंड ‘सुटणे’ झाले, आणि औत सुटते, बैल सुटतात, तशीच शाळाही सुटते.) पण हौसेखातर वाहन पाळण्याची रीत या मुलखाला मोटारीने शिकवलेली नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात ते वाहन पूर्वीपासून आहे आणि त्याचे नाव ‘गाडा’.

शर्यतीचा गाडा जवळून पाहावा. हलक्या लाकडाचा सांगाडा, दोन चाके, पुढे जू. त्यावर धान्य भरत नाहीत, खत वाहत नाहीत, आणि या भागातल्या पद्धतीत त्यावर माणूसही बसत नाही. चार बैल जुंपायचे, पुढे घोडी पळवायची, आणि गाडा चढावरून वर गेला की घड्याळातले सेकंद वाचायचे. घाटापर्यंत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीपर्यंत, बैल येतात तेच मुळी टेम्पोतून. वाहून नेण्याचे काम ज्याच्याकडून पूर्ण काढून घेतले आहे, ज्यात वेग तेवढा शिल्लक ठेवला आहे, असे हे वाहन. शर्यतीच्या मोटारीचे वर्णन करायचे तर यात बैलांखेरीज फारसा बदल करावा लागणार नाही.

आता ‘गाडा’ या शब्दाकडे पाहू. हेमचंद्राच्या देशीनाममालेत, म्हणजे बाराव्या शतकात, ‘गड्डी’ सापडते, अर्थ बैलगाडी. संस्कृतात ‘गन्त्री’ आहे, ‘गम्’वरून, म्हणजे ‘जाणारी’. तिच्याशी गड्डीची सोयरीक काही जण जोडतात. पण ‘न्त्र’चा ‘ड्ड’ होणे जरा ओढूनताणून वाटते, आणि हेमचंद्राने तिला देशीत, म्हणजे संस्कृतातून न आलेल्या शब्दांत, घातले याला त्याची कारणे असावीत. मराठीने मग नेहमीच्या सवयीने जोडी केली: मोठा तो गाडा, लहान ती गाडी, जसे लोटा-लोटी, दोर-दोरी. या हिशेबाने शर्यतीचे ते हलके वाहन ‘गाडी’ व्हायला हवे होते. सांगली-साताऱ्याकडे तसे ते ‘गाडी’ किंवा ‘छकडी’ आहेही. भीमा-घोड नद्यांच्या खोऱ्यात मात्र पुल्लिंग टिकले. इथे लिंगाने आकार सांगितलेला नाही, मान सांगितला आहे असे दिसते. ‘गाडामालक’ हे बिरुद उच्चारून पाहावे. ‘गाडीमालक’ म्हटले की भाड्याची जीप आठवते.

छकडी-छकड्याचे मूळ संस्कृत ‘शकट’ असावे. त्याच शकटाची एक लेक आपल्या स्वयंपाकघरात बसली आहे. संस्कृतात ‘अङ्गारशकटी’ म्हणजे निखाऱ्यांची फिरती गाडी, आणि आपली ‘शेगडी’ तिच्यापासून आलेली दिसते. चाके गेली, निखारे राहिले, आणि पुढे गॅस आल्यावर निखारेही गेले.

‘गाडी’ मात्र मराठीत कोणत्याही नव्या वाहनाला सामावून घेत आली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे लोहमार्ग सुरू झाला आणि ‘आगगाडी’ तयार झाली. मोटार आली तर तिलाही शेपूट लावून ‘मोटारगाडी’ केली. आज पुण्यात “गाडी कुठं लावलीस?” याचा अर्थ बहुधा दुचाकी, चार चाकांना वेगळे सांगावे लागते. ‘कार’ म्हणावे तर तीही बैठी, सभ्य दिसली तरी मूळची गाडाच. लॅटिन ‘कार्रुस’ हा गॉल लोकांच्या, म्हणजे केल्टिक टोळ्यांच्या, ओझ्याच्या गाड्याचा शब्द. रोमनांनी तो उचलला, फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आला, आणि मळ्यातून निघालेला हा शब्द दिवाणखान्यात पोचला.

वाहनाचे झाले, आता ते घ्यायला लावणाऱ्या भावनेचे. इथे मराठीकडे शब्दांची श्रीमंती आहे. ‘हौस’ अरबी ‘हवस’वरून, फारसीच्या वाटेने आलेली. अरबीत त्यात खुळाची, झपाटल्याची छटा आहे. हिंदी-उर्दूत ‘हवस’ म्हणजे वासना, लोभ, आणि चारचौघांत हा शब्द जपून वापरतात. मराठीने त्यातला ‘व’ विरघळवला आणि बदनामीही धुऊन काढली. बाळाची हौस, सणाची हौस, राज्य नाट्यस्पर्धेतले हौशी कलाकार: सारे निर्मळ. एखाद्या शब्दाचे असे चारित्र्य सुधारलेले क्वचितच आढळते, आणि मला हा मराठीचा मोठेपणा वाटतो. तिची जोडीदार ‘मौज’. अरबीत ‘मौज’ म्हणजे लाट. ‘हौसमौज’ म्हणताना आपण दोन अरबी शब्द एका दावणीला बांधतो. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाच्या दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश झाला, तरी हौस रयतेच्या तोंडून हटली नाही. कारभारातले शब्द हुकुमाने बदलता येतात. आवडीनिवडीचे तसे बदलत नसावेत.

‘शौक’ही अरबी, मुळात ओढ, आतुरता. जुन्या मराठी छपाईत तो ‘षोक’, ‘षौक’ असाही दिसतो, संस्कृत शोकाशी गल्लत होऊ नये म्हणून असावे. शौकात खर्चाचा वास आहे, हौसेत नाही. ‘छंद’ संस्कृत: आवड, मर्जी, ‘स्वच्छंद’ मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. कवितेचा छंद आणि हा छंद मराठीत एकाच अक्षरांत राहतात. त्यातल्या पहिल्याला छद् म्हणजे झाकणे या धातूवरून आणायची जुनी परंपरा असली, तरी दोघांचे मूळ रिझवण्यात असावे, असे मानायला जागा आहे.

पण घाटात यातला एकही शब्द चालत नाही. तिथे शब्द एकच: नाद. “नाद एकच” हे गाड्यांच्या फलकांवर ठळक अक्षरांत असते. नाद म्हणजे ध्वनी. ‘नद्’, आवाज करणे. ध्वनीचे वेड कसे झाले? मला पटणारे उत्तर हरिणाचे आहे. एकेका इंद्रियापायी नाश पावणाऱ्या पाच प्राण्यांचा दृष्टांत संस्कृत सुभाषितकारांचा लाडका: हत्ती स्पर्शाने, पतंग रूपाने, मासा चवीने, भुंगा गंधाने, आणि हरिण नादाने. पारध्याच्या गाण्याला भुलून ते जागचे हलत नाही. या हरिणापासून ‘नादावणे’, ‘नादी लागणे’ आणि मग कसलेही वेड म्हणजे नाद, असा अर्थविस्तार झाला असावा. अर्थ असा सरकला तरी घाटात मूळ अर्थ बाजूला पडलेला नाही. हलगी, निवेदकाचा भोंगा, आणि गाडा सुटताना शेकडो गळ्यांतून एकदम उठणारी “भिर्रर्र” ही आरोळी. हा नाद कानांतून शिरतो तेव्हाच दुसरा नाद लागतो. वेगवान मोटारींच्या शौकिनांनाही विचारा. ते इंजिनाच्या आवाजाविषयी जितके बोलतात तितके आसनांविषयी बोलत नाहीत. तेही नादच सांगत असतात.

इथल्या नदीचे नाव ‘घोड’, उगम आहुप्याच्या परिसरात, काठी घोडेगाव, आणि गाड्यापुढे घोडी. नदीला हे नाव प्राण्यावरून पडले असे म्हणण्याचा मोह होतो. पण नद्यांची नावे फार जुनी असतात आणि ऐकू येणाऱ्या अर्थाने चकवतात. शिवाय ‘घोडा’ स्वतःच परका दिसतो. वेदांत ‘अश्व’ आहे. ‘घोटक’ संस्कृतात उशिरा डोकावतो, आणि तमिळ ‘कुदिरै’, तेलुगू ‘गुर्रमु’ यांच्या बाजूने आला असावा असे अनेक अभ्यासक मानतात.

सर्वांत रंजक गुंता ‘घाट’ या शब्दाचा. उत्तरेत घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या. संस्कृत ‘घट्ट’, उतरण्याची जागा. तेलुगूत ‘गट्टु’ म्हणजे बांध, टेकडी. मराठीत डोंगर ओलांडण्याची वाट, जसा आहुपे घाट: कड्यावरून सुटून मुरबाडकडच्या खोपिवलीत उतरणारा, पायी चालणाऱ्याचा, समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. या वाटांवर चाक कधी चालले नाही. इथून माल गेला तो बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून, आणि ती ‘गोणी’ इंग्रजीत ‘गनी’ होऊन तागाच्या पोत्यांवर बसली. शर्यतवाल्यांचा ‘घाट’ तिसराच: गाडे पळवायची चढती धावपट्टी. चढ हा दोघांतला दुवा असणार. परक्यांनी तर वाटेचे नाव आख्ख्या पर्वताला दिले आणि सह्याद्रीचा ‘पश्चिम घाट’ केला.

‘शर्यत’ अरबी ‘शर्त’चे, बहुधा तिच्या ‘शराइत’ या अनेकवचनाचे, मराठी रूप दिसते. अट घातली की पैज आली, पैज आली की धावणे आले. ‘पैज’ स्वतः ‘प्रतिज्ञा’चे प्राकृतातून झिजलेले रूप. जुन्या मराठीत ‘शर्यत’ म्हणजे अट, पैज आणि धाव हे तिन्ही अर्थ होते. पुढे ‘शर्ती’ने अट ठेवून घेतली आणि शर्यतीकडे धाव गेली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यती नियमांच्या बंधनांत पुन्हा सुरू करू दिल्या, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा मान्य केला. बैलाला टोचायचे नाही, मारायचे नाही. शर्ती घालून दिलेली शर्यत, म्हणजे दोन विभक्त भावंडे निकालपत्रात पुन्हा एकत्र आली. त्या अटी मला या खेळाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. ज्याच्या जिवावर नाद करायचा, त्याचे हाल करून नाद होत नाही. आता मोठ्या शर्यतींत बक्षीस म्हणून चारचाकीही असते. गाडा पळवून गाडी जिंकायची. ‘बक्षीस’ फारसी, देणे या अर्थाच्या ‘बख्शीदन’वरून, आणि त्याचे दूरचे नाते आपल्या ‘भज्’शी, म्हणजे वाटा देण्याशी.

या शर्यती भरतात त्या यात्रेला येणाऱ्यांची मराठीने केलेली वर्गवारी तर सर्वांना पाठ आहे: हौशे, नवशे, गवशे. हौशाचे मूळ वर आलेच. ‘नवस’ संस्कृत ‘नमस्या’पासून असावा. गवशा म्हणजे काही गवसते का पाहणारा, आणि ‘गवसणे’ ‘गवेषण’वरून. गवेषणातला ‘गो’ तर उघड आहे: मूळ अर्थ गाईगुरांची इच्छा, त्यांचा माग, नंतर कसलाही शोध. चाकणच्या बैलबाजारात मनाजोगता खोंड हेरत, दात-खूर-वशिंड पाहत फिरणारा गाडामालक हा शब्द त्याच्या पहिल्या अर्थाने जगतो आहे. चांगल्या पळणाऱ्या बैलाची किंमत लाखांत जाते.

एका शब्दाने मात्र मला अडवून ठेवले आहे. गाड्याच्या एका धावेला इथे ‘बारी’ म्हणतात. संस्कृत ‘वार’ म्हणजे पाळी; पण मराठी सहसा ‘व’ राखते, ‘वार’च म्हणते, ‘बार’ नाही. तेव्हा ‘ब’ची ही बारी उत्तरेकडून आली असावी. दुसरी ‘बारी’ आपली घरची: द्वारापासून बार, बारी, म्हणजे फट, खिंड. नाशिककडे डोंगरातल्या खिंडींना बारीच म्हणतात, आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या गावाचे नावही बारी. घाट आणि बारी, दोन्ही डोंगर ओलांडायचे शब्द, आणि दोन्ही शर्यतीत एकत्र: याला योगायोग म्हणवत नाही. पण तिसरीही आहे. तमाशात ढोलकीबारी आणि संगीतबारी असे दोन प्रकार, आणि तमाशाची पंढरी नारायणगाव, तमाशा कलावंत विठाबाईंचे, याच जुन्नर तालुक्यात. यात्रेत दिवसा गाडे, रात्री तमाशा; तोच चौक, तेच प्रेक्षक, तीच आयोजक मंडळी. फडाची बारी सकाळी घाटात गेली असावी असे माझे मत झुकते. जुनी यात्रापत्रके कुणाच्या ट्रंकेत असतील तर त्यांत ‘बारी’ केव्हापासून छापलेली दिसते, आणि तिच्याआधी तिथे ‘पाळी’ होती की काय, एवढे पाहायला हवे.