चाळीस वर्षे चाललेले घर

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. परप्रांती नोकरीनिमित्त येऊन ज्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर फळी बसविली आणि ती एका अंगास कलल्यावर खाली लाकडाचा तुकडा सारून सरळ केली, त्यांना या म्हणीचा अर्थ निराळा सांगावयास नको. थोरामोठ्यांनाही हा अनुभव चुकलेला नाही. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांचे व्हर्जिनियातील ‘माँटिसेलो’ हे घर त्याची साक्ष देते.

जेफर्सन हे व्यवसायाने वकील. वास्तुविद्या त्यांनी इटालियन स्थपती पॅलाडियो याच्या ग्रंथांवरून आत्मसात केली. १७६८ मध्ये त्यांनी आपल्या टेकडीचा माथा सपाट करविला व पुढील वर्षी बांधकामास आरंभ केला. पुण्यात तेव्हा थोरल्या माधवरावांची कारकीर्द चालू होती. १७८४ ते १७८९ या काळात फ्रान्समध्ये राहून, तेथील वास्तू पाहून ते परतले, तेव्हा स्वतःचेच घर त्यांना उणे भासू लागले. १७९६ पासून त्यांनी वरचा मजला उतरवून घराची फेररचना आरंभिली. ते बहुतांशी पुरे होण्यास १८०९ साल उजाडले.

एवढे करूनही उणिवा राहिल्याच. दर्शनी दालनातील मोठ्या घड्याळाची वजने आठवडाभर हळूहळू खाली उतरत व त्यांवरून भिंतीवरील खुणांच्या आधारे वार कळे. परंतु दालनाची उंची सात दिवसांना पुरेना. तेव्हा जमिनीला भोके पाडण्यात आली, आणि शनिवारची खूण तळघरात गेली! ती आजही तेथेच आहे. जिन्यांनी उगाच जागा अडते, या समजुतीने केलेले जिने जेमतेम दोन फूट रुंदीचे झाले. गच्च्यांवरील नागमोडी छपरे गळत राहिली.

मात्र या हौसेची किंमत कोणी मोजली, हेही इतिहासाने सांगितले पाहिजे. आराखडे जेफर्सन यांचे. पण विटा, लाकूड व लोखंड यांचे काम करणाऱ्या हातांत त्यांच्या गुलामांचे हात पुष्कळ होते. जॉन हेमिंग्ज हा त्यांच्यापैकीच एक निष्णात सुतार. घरातील नाजूक लाकूडकामात त्याचा मोठा वाटा आहे. ४ जुलै १८२६ रोजी जेफर्सन निवर्तले, तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. मृत्युपत्रान्वये हेमिंग्जला स्वातंत्र्य आणि त्याची हत्यारे मिळाली. पण जानेवारी १८२७ मध्ये त्याच टेकडीवर १३० गुलाम विक्रीस काढण्यात आले. १८३१ मध्ये घरही विकले गेले.

१९८७ मध्ये माँटिसेलोची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. पाहुणे आज जमिनीतील भोके पाहून कौतुकाने हसतात. चूक झाकण्याऐवजी तिच्याशी जुळवून घेणारी ती दुरुस्ती लोभस आहे, यात संशय नाही. पण ज्यांचे संसार त्या टेकडीवर मोडले, त्यांची दुरुस्ती कोणत्याही करवतीने होण्यासारखी नव्हती.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपणही मागे वळून पाहत आहोत. संस्था हेही एक घरच. त्याच्या आराखड्यावर ज्यांची नावे आहेत त्यांना वंदन करताना, ज्यांनी निमूटपणे खिळे ठोकले आणि गळती बुजविली, त्यांची नावेही आठवणीने लिहून ठेवावीत, हाच या जुन्या घराचा सांगावा आहे.