मृत्युचौकशीचे कागद : धाड आणि मुंबई

बुलढाणा जिल्ह्यांतील धाड येथें कोणी विहिरींत मृत आढळल्यास पोलीस अधिकारी पंचांसमक्ष प्रथम चौकशी करितो. मुंबई शहरांत मात्र १९९९ सालीं कायदा रद्द होईपर्यंत हें काम कॉरोनर नांवाच्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे होतें. या दोन्ही रीतींचे कागद कसे वाचावे, हें पाहणें संग्राहकांस अगत्याचें आहे.

कॉरोनर ही संस्था मूळची इंग्लंडांतील. येथें तिला १८७१ च्या चौथ्या कायद्यानें निश्चित रूप आलें. अपघात, खून, आत्महत्या, अज्ञात कारणानें आलेला आकस्मिक मृत्यु, किंवा तुरुंगांतील मृत्यु यांची वर्दी येतांच कॉरोनरनें पांचांपासून पंधरांपर्यंत विषम संख्येनें प्रतिष्ठित गृहस्थ ज्यूरी म्हणून बोलवावे, शपथेवर साक्षी घ्याव्या, आणि मृत मनुष्य कोण, कोठें, केव्हां व कसा मेला याचा निर्णय ज्यूरीनें द्यावा, असा क्रम होता. गुन्हेगाराचा माग काढणें हें पोलिसांचें काम निराळें.

इतरत्र १८९८ च्या फौजदारी संहितेचें १७४ वें कलम चाले. १९७३ च्या संहितेंतही त्याचा क्रमांक तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नव्या संहितेच्या १९४ व्या कलमानें घेतली. अधिकाऱ्यानें परिसरांतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष जखमा, वळ व हत्याराच्या खुणा टिपाव्या, मृत्यूचें दिसून येणारें कारण लिहावें, आणि त्याशीं सहमत असतील तितक्याच पंचांनीं सही करावी, असा दंडक आहे. यास्तव अशा कागदावर हजर पंचांपैकीं एखाद्याची सही नसणें, हाही एक पुरावाच होय. तसेंच त्यांतील कारण हें दिसून आलेलें कारण आहे, अंतिम निर्णय नव्हे.

पंचनामा पाहून जुन्या महजराचें स्मरण होतें. महजरावरही हजर मंडळींचीं नांवें असत व पाटील नांगराची निशाणी करी. परंतु या साम्यावरून वंशावळ जोडूं नये. गोतसभा निवाडा देत असे. पंच केवळ पाहून साक्ष देतो. या दृष्टीनें गोतसभेशीं अधिक जवळीक मुंबईच्या ज्यूरीची होती. निवाडा देणारे नागरिक शहरांत, साक्ष देणारे खेड्यांत, अशी ही उलटापालट १९९९ पर्यंत चालली. नंतर मुंबईही धाडच्याच रीतीस आली.

सामान्य मनुष्याच्या मृत्यूविषयीं त्याच्या शेजाऱ्यांनीं दिलेली साक्ष पुष्कळदां याच एका कागदांत उरते. म्हणून असा कागद हातीं आल्यास सह्या, अंगठे व शिक्के यांसह तो अखंड राखावा.