आवाज, प्रकाश आणि मनाचा तोल : बायपोलर विकारातील संवेदनांची अतितीव्रता

कुकरची शिटी, ट्यूबलाइटचा उजेड, फोडणीचा वास किंवा कपड्याच्या आतील लेबलाचा स्पर्श बहुतेकांच्या ध्यानीही राहत नाही. काही व्यक्तींना मात्र हेच असह्य होते. ज्ञानेंद्रियांकडून येणाऱ्या सामान्य संकेतांना मेंदूने नेहमीपेक्षा अधिक तीव्र प्रतिसाद देणे, यास संवेदनांची अतिसंवेदनशीलता म्हणतात. स्वमग्नता, अर्धशिशी आणि चिंताविकार यांच्याप्रमाणेच ती बायपोलर, अर्थात द्विध्रुवी मनोविकारासोबतही आढळते.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-5’ या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांमध्ये या लक्षणाचा समावेश झाला. बायपोलर विकाराच्या निकषांत ते नाही. परिणामी तपासणीच्या वेळी याविषयी अनेकदा विचारले जात नाही आणि घरात त्याची गणना ‘चिडका स्वभाव’ अशी होते.

बायपोलर विकारात उन्माद आणि नैराश्य यांचे टप्पे येतात. उन्मादाच्या काळात रंग अधिक गडद व आवाज अधिक धारदार भासल्याचे अनेक रुग्ण सांगतात; नैराश्यात गर्दी व गोंगाट नकोसा होतो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे झोप. आवाज किंवा प्रकाशामुळे झोपमोड होते, अपुऱ्या झोपेमुळे उन्मादाचा झटका उद्भवू शकतो आणि थकलेल्या मेंदूला तोच आवाज अधिक बोचतो. त्यामुळे लग्नसराई किंवा सणासुदीतील काही रात्रींचे जागरणही अशा व्यक्तीस महाग पडू शकते.

नेहमी सहन होणारा आवाज अचानक सहन होईनासा झाला आणि त्याच सुमारास झोपही घटली, तर ती नव्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते. झोपेचे तास, मनःस्थिती आणि त्रासदायक संवेदना यांची रोजची नोंद डॉक्टरांना दाखविल्यास उपचारात बदल करणे सुकर होते.

सायंकाळनंतर मंद प्रकाश, झोपण्या-उठण्याची ठरावीक वेळ आणि समारंभात मध्येच विसाव्यासाठी शांत खोली, हे उपाय उपयुक्त ठरतात. गोंगाटाच्या जागी कानात बोळे घालणे योग्य. मात्र दिवसभर ते वापरल्यास आवाजाविषयीची संवेदनशीलता वाढू शकते. संवेदनांची सवय टप्प्याटप्प्याने करण्यासाठी व्यवसायोपचार तज्ज्ञांचे साह्य घेता येते.

औषधांबाबतही दक्षता आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावरील लिथियमचा परिणाम प्रसिद्ध केला. आजही ते प्रमुख औषधांपैकी एक आहे. रक्तातील त्याचे प्रमाण नियमित तपासावे लागते. बायपोलर रुग्णांमध्ये अर्धशिशीचे प्रमाण अधिक असते. परंतु डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घेतल्यास लिथियमची पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाल्यासही हाच धोका संभवतो. बरे वाटू लागले म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये.

परिसरातील गोंगाटाविरुद्ध कायद्याचा आधार उपलब्ध आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपकास मनाई आहे; राज्य शासन वर्षातून कमाल 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्या सवलतीच्या रात्रींची पूर्वकल्पना घेऊन रुग्णाच्या झोपेची व्यवस्था अन्यत्र करणे कुटुंबास शक्य असते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.