काशीचे मराठी संपादक आणि वृत्तपत्राचे भांडवल

काशीक्षेत्री मराठी माणूस आला तो पुण्यसंचयासाठी, अध्ययनासाठी, नाहीतर देह ठेवण्यासाठी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांच्या घराण्यास पूज्य असलेले नारायण दीक्षित पाटणकर यांनी दुर्गाघाट बांधविला आणि ब्रह्माघाट-पंचगंगेपर्यंतच्या गल्ल्यांतून वैदिक, शास्त्री, सावकार यांची मराठी वस्ती वाढली. येथील घाट, वाडे व अन्नछत्रे यांविषयी आमच्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु याच वस्तीने उत्तर हिंदुस्थानास वृत्तपत्रांचे संपादक दिले, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. आज दूरध्वनी, दूरचित्रवाणी व वृत्तपत्रे यांचे धंदे एकमेकांत मिसळत असताना ती काढण्यास विशेष कारण आहे.

पेशवाईत काशीचे वर्तमान पुण्यास पत्रांनी जाई. ते दरबारासाठी असे. बाजारात त्यास मोल नव्हते. वर्तमान छापून विकण्याची कल्पना येथे १८४५ मध्ये आली. त्या वर्षी राजा शिवप्रसाद यांच्या आश्रयाने 'बनारस अखबार' निघाले आणि त्याचे संपादक होते गोविंद रघुनाथ थत्ते. हिंदी प्रदेशातून निघालेले ते पहिले हिंदी वृत्तपत्र मानले जाते. लिपी देवनागरी, पण शब्द बहुतेक फारसी-उर्दू वळणाचे; त्यामुळे पंडितांस ते रुचले नाही आणि १८५० मध्ये 'सुधाकर' हे दुसरे पत्र निघाले. थत्त्यांचे पत्र शिळाछापावर निघे. शिळाछापास लागे तरी काय? एक गुळगुळीत दगड, वळणदार अक्षराचा लेखक, शाई आणि दोन-चार माणसांचे हात. एखाद्या संस्थानिकाच्या वा धनिकाच्या आश्रयावर एवढा संसार चालू शके.

पुढील पाऊणशे वर्षांत हा संसार वाढला. खिळ्यांचे छापखाने आले. देवनागरीच्या काना-मात्रा व जोडाक्षरे धरून जुळाऱ्यापुढे शेकडो घरांची पेटी मांडावी लागे. तारायंत्राने बातमी तासात येऊ लागली. पण ती इंग्रजीत येई आणि हिंदी पत्राच्या उपसंपादकास ती रात्री जागून उतरवून घ्यावी लागे. देवनागरी दूरमुद्रक प्रत्यक्ष वापरात यावयास १९५४ साल उजाडले. ज्या 'हिंदुस्थान समाचार' संस्थेने तो वापरात आणला, तिचे संस्थापक शिवराम शंकर तथा दादासाहेब आपटे हेही मराठीच.

या संक्रमणाचा ज्यांनी सर्वांत खोल विचार केला ते बाबूराव विष्णु पराडकर. १८८३ मध्ये काशीस जन्म, भागलपुरास शिक्षण आणि वृत्तपत्रव्यवसायाची दीक्षा कलकत्त्यास. 'देशेर कथा' या बंगाली ग्रंथाचे कर्ते सखाराम गणेश देऊस्कर हे त्यांचे मामा. मराठी घरातील मामाने बंगालीत लिहावे आणि भाच्याने तो ग्रंथ हिंदीत उतरवावा, हे परप्रांती राहणाऱ्या आम्हां कुटुंबांस निराळे समजावून सांगावयास नको. 'हिंदी बंगवासी', 'हितवार्ता', 'भारतमित्र' असा प्रवास करून १९१६ मध्ये ते अटकेत पडले आणि १९२० मध्ये सुटून काशीस परतले. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी शिवप्रसाद गुप्त यांनी 'आज' हे दैनिक सुरू केले व पराडकर त्यात आले. 'मिस्टर'च्या जागी 'श्री' रूढ करण्याचे आणि 'राष्ट्रपति' हा शब्द प्रचारात आणण्याचे श्रेय हिंदी जगत त्यांना देते. मराठी कानास 'श्री' घरचाच होता. माजघरातली वस्तू त्यांनी ओसरीवर आणून ठेवली, इतकेच.

१९२५ मध्ये वृंदावन येथे हिंदी संपादकांचे संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षपदावरून पराडकरांनी वृत्तपत्रांच्या भवितव्याविषयी केलेले भाष्य प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा: पुढील काळची पत्रे मोठ्या आकाराची, सुबक, सचित्र व विविध मजकुरांनी भरलेली असतील, त्यांचा खप प्रचंड असेल, परंतु ती चालविणे धनवंतांना किंवा सुसंघटित कंपन्यांनाच शक्य होईल. पत्राचे धोरण संपादक ठरविणार नाही. ध्येयवेडा मनुष्य त्या खुर्चीपर्यंत पोहोचणारच नाही. नवे संपादक आपल्यापेक्षा अधिक शिकलेले असतील, वेतनही चांगले घेतील; मात्र आज आपल्यास आहे ते स्वातंत्र्य त्यांस नसेल.

या भाष्यात आक्रस्ताळेपणा नाही, हे आम्हांस विशेष वाटते. पत्रे वाईट निघतील असे ते म्हणत नाहीत. चांगली निघतील असेच म्हणतात. त्यांचे स्वतःचे पत्रही एका श्रीमंत गृहस्थाच्या पैशावर उभे होते, हे विसरून चालणार नाही. भेद भांडवलाच्या हेतूचा होता. शिवप्रसाद गुप्तांनी ज्या हाताने काशी विद्यापीठास व भारतमाता मंदिरास धन दिले, त्याच हाताने 'आज'ला दिले. १९३० मध्ये सरकारने वटहुकुमाने वृत्तपत्रांचा गळा आवळला, 'आज' बंद ठेवावे लागले, तेव्हा 'रणभेरी' ही गुप्त पत्रिका चक्रमुद्रणावर निघाली. थत्त्यांच्या काळाप्रमाणे पुन्हा एकदा दोन-चार माणसांचे हातच पुरले.

स्वातंत्र्यानंतर पराडकरांची ही शंका सरकारदरबारी गेली. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. लहान पत्रांस मोठ्यांच्या स्पर्धेतून वाचवावे म्हणून पृष्ठसंख्येवर किंमत बांधून देण्याची योजना पुढे आली व १९५६ मध्ये तसा कायदा झाला. त्यास न्यायालयात आव्हान दिले ते पुण्याच्या 'सकाळ'ने! १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द ठरविला. पत्राची पाने वा खप आवळणे म्हणजे भाषणस्वातंत्र्यच आवळणे, असा त्या निर्णयाचा गाभा होता. आम्ही सरकारी नोकरीत आयुष्य काढलेले. कायद्याने सर्व काही साधते असे वाटण्याचा आमचा स्वभाव. तरीही न्यायालयाचे म्हणणे आम्हांस योग्य वाटते. पानांवर बंधन घालणारा हात उद्या मजकुरावरही येऊ शकतो. परंतु मग पराडकरांच्या प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले, हेही खरे.

पराडकरांच्या वेळी बातमी वाहणारी तार व टपाल सरकारची आणि पत्र खाजगी मालकाचे, अशी विभागणी होती. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. 'आज'च्या जन्मतिथीलाच, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओची सेवा सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स व डिस्ने यांचे भारतातील दूरचित्रवाणीचे व्यवसाय एकत्र येऊन 'जिओस्टार' निर्माण झाले. वाट आणि वाटेवरून येणारा माल यांत एकाच उद्योगसमूहाचा मोठा वाटा आला. या घडामोडींवर बाजाराचे अभ्यासक भाष्य करतात ते आम्ही आवडीने वाचतो. दर ग्राहकामागे उत्पन्न किती, क्रिकेटच्या हक्कांची किंमत किती, कर्ज किती, हे सारे त्यांत असते. संपादक कोण आणि तो मालकास नाही म्हणू शकतो काय, हा पराडकरांचा रकाना मात्र त्यांत सापडत नाही. (प्रस्तुत स्मरणिकाही जाहिरातींवर निघते, साडीवाल्यांनी अद्याप आमचा मजकूर तपासलेला नाही.)

पराडकरांनी मध्यंतरी 'संसार' चालविले, १९४७ मध्ये ते पुन्हा 'आज'मध्ये आले आणि १२ जानेवारी १९५५ रोजी निवर्तले. पुढे रामकृष्ण रघुनाथ खाडिलकर यांनी 'आज'चे संपादकत्व केले. 'भारतमित्र'चे लक्ष्मण नारायण गर्दे हेही काशीचेच. पराडकरांच्या नावाचे स्मृतिभवन मैदागिनला आहे. थत्त्यांचे तेवढेही स्मारक आमच्या पाहण्यात नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट येथील ज्या घरांतून जुन्या पोथ्यांचे रुमाल व पेट्या अद्याप न सोडता ठेवलेल्या आहेत, त्या कुटुंबांनी 'बनारस अखबार'चे एखादे शिळाछापी पान मिळते का ते पाहावे, आणि मिळाल्यास मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावे. पोथीला पुठ्ठा म्हणून डकविलेले असले तरी चालेल. ते सोडवून घेण्याची व्यवस्था आम्ही करू.