पाच जिनसांची कहाणी

आपल्या घरात पाच ह्या आकड्याचा मान मोठा. पूजेला पंचामृत, आरतीला पंचारती, प्रसादाला पंचखाद्य. ओटीत फळे ठेवायची ती पाच, आणि व्रताची कहाणी संपवायची तीही पाचा उत्तरीच. ह्या पाचाच्या कुळातले एक भावंड मात्र फार पूर्वी घर सोडून गोऱ्यांच्या गलबतावर चढले. सातासमुद्रापार जाऊन त्याने नाव काढले, वेष बदलला, संगत बदलली, आणि तीन-साडेतीनशे वर्षांनी ते जेव्हा परत आले तेव्हा आपण त्याला ओळखलेसुद्धा नाही. आज नवी मुंबईतल्या एखाद्या हॉटेलात किंवा सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात व्हिस्की, लिंबू आणि साखर एकत्र घुसळून जे पेय पुढे येते, त्याला 'व्हिस्की सावर' म्हणतात. ते परदेशी पाहुणे समजून आपण त्याचे कौतुक करतो किंवा त्याच्याकडे नाक मुरडतो. पण त्याची वंशावळ उलगडीत गेले तर मूळ पुरुष आपल्याच किनाऱ्यावर सापडतो. त्याचे नाव 'पंच'.

पंच म्हणजे पाच. मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला ह्या त्या पाच जिनसा. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने १६३२ साली दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रात हे नाव प्रथम आढळते. पुढे कंपनीचा शस्त्रवैद्य जॉन फ्रायर १६७३ साली हिंदुस्थानात आला, मुंबईत राहिला, आणि १६९८ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने स्पष्टच लिहिले की, हे नाव इथल्या लोकांच्या 'पाच' ह्या शब्दावरून पडले. फ्रेंच प्रवासी बर्निये ह्याने बंगालमधल्या इंग्रजांच्या ह्याच पेयाला 'बूलपाँज' म्हटले आहे. इंग्रजीतला वाडगा आणि आपला पाच ह्यांची ही फ्रेंच तोंडात झालेली सोयरीक! काही पंडित म्हणतात की, खलाशांच्या 'पंचन' नावाच्या पिंपावरून हा शब्द आला असावा. त्यांचा वाद त्यांच्यापाशी. फ्रायर प्रत्यक्ष इथे राहिलेला माणूस, आणि त्याची साक्ष आपल्या बाजूची आहे.

इंग्रजांना हे पेय का करावेसे वाटले, हेही समजण्यासारखे आहे. त्यांची बिअर आणि वाइन लांबच्या प्रवासात बिघडे. इथे उतरल्यावर मिळे ती माडाच्या माडीपासून काढलेली अरक. ती तिखट, घसा जाळणारी. तिला माणसात आणायला साखर हवी, साखरेचा गुळचटपणा मारायला लिंबू हवे, दोघांचे भांडण मिटवायला पाणी हवे, आणि वर जायफळाची पूड. उत्तम अरक गोव्याची समजली जाई, आणि मुंबईचे इंग्रज तिच्यावर जीव टाकीत.

ह्या पंचाची पाककृती मुंबईच्या सरकारी दप्तरात नोंदलेली आहे, हे किती वाचकांना ठाऊक असेल? बेट कंपनीच्या ताब्यात आले १६६८ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत गुत्ते बोकाळले, आणि गुत्तेवाले तेव्हाही गुत्तेवालेच होते. ते अरकेत पाणी घालीत, साखर मारीत, वाडगे लहान ठेवीत. तेव्हा १६९४ च्या सरकारी हुकुमांच्या वहीत एक हुकूम नोंदला गेला. त्याचा मतलब असा : गुत्त्यात पंच प्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाने एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागून घ्यावा आणि आपला पंच आपणच करावा. ज्या वाडग्यावर बाजाराच्या कारकुनाचा शिक्का नसेल ते वाडगे त्याने खुशाल फोडावे. वाडग्याचे पैसे द्यायला नकोत आणि पंचाचेही नकोत!

शासनाने लोकांना इतक्या मोकळ्या मनाने भांडी फोडण्याची परवानगी दिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही. पण आम्हा मास्तरांना त्यातली मजा वेगळीच दिसते. हा हुकूम म्हणजे त्रैराशिकाचे एक सुंदर उदाहरण आहे. त्या वेळचा क्वार्ट म्हणजे सुमारे साडेनऊशे मिलिलिटर. अर्धा पाइंट त्याच्या चौथाई, म्हणजे दोनशे सदतीसच्या आसपास. अर्धा पौंड साखर म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. ह्या सगळ्याला सोळाने भागा. उत्तर येते : मद्य ६० मिलिलिटर, लिंबाचा रस १५ मिलिलिटर, साखर १४ ग्रॅम. आता कोणतेही पेयांचे पुस्तक उघडा आणि व्हिस्की सावरचे प्रमाण पाहा. लिंबू थोडे अधिक सापडेल, बाकी हिशेब जवळपास तोच. म्हणजे वाडग्याचा पेला झाला आणि अरकेच्या जागी व्हिस्की आली, एवढाच काय तो तीनशे वर्षांचा फरक.

घरी करायचे म्हटले तर कृती सोपी आहे, पण क्रम चुकवू नये. साखर आधी लिंबाच्या रसात विरघळवावी, कारण मद्यात ती नीट विरघळत नाही, तळाशी बसते. मग व्हिस्की घालावी. मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरपूर बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोराने हलवावे आणि चहाच्या गाळण्यातून पेल्यात गाळावे. वर जायफळ किसावे, चिमटीच्या निम्मे. कोणी विचारील, ह्यात पाणी कुठे आहे? ते बर्फाच्या पोटात आहे. हलवताना वितळणारा बर्फ हेच चौथे द्रव्य, आणि पाचवे जायफळ. पाचांची बेरीज पुरी होते.

हा बर्फ मात्र आपल्याकडे उशिरा आला, आणि तो आला अमेरिकेतून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतले बर्फ कापून, भुशात गुंडाळून १८३३ साली कलकत्त्याला पाठविले. निघताना ते १८० टन होते. चार महिन्यांनी पोहोचले तेव्हा शंभराच्या आसपास उरले. पुढल्याच वर्षी मुंबईकरांनी हा नवलाचा पदार्थ पाहिला. सर जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातले आणि नंतर मंडळींना पडसे झाले, अशी त्या काळची गंमत सांगतात.

त्या अमेरिकेतच आपल्या पाहुण्याला नवी भावंडे भेटली. मद्य, साखर, पाणी आणि कडू औषधी अर्क ह्यांच्या मिश्रणाला 'कॉकटेल' म्हणतात, अशी व्याख्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका पत्राने १८०६ मध्ये छापली. चिराइताचा काढा डोळे मिटून प्यायलेल्या आपल्या मंडळींना ह्या कडू अर्काचे अप्रूप वाटू नये. जेरी थॉमस ह्याचे पेयांवरचे पुस्तक १८६२ साली निघाले. अशा पुस्तकांतले ते तिकडचे आद्य ग्रंथ मानले जाते, आणि त्याची सुरुवात होते ती पंचांपासूनच. व्हिस्की सावरचे नाव १८७० च्या एका अमेरिकन वृत्तपत्रात आढळते. त्याच सुमारास फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांना किडीने ग्रासले, ब्रँडी दुर्मीळ झाली, आणि रिकाम्या जागी स्कॉटलंडची व्हिस्की येऊन बसली. इथल्या साहेबाचे ब्रँडी-पाणी जाऊन व्हिस्की-सोडा आला. 'व्हिस्की' ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'जीवनाचे पाणी'. आपल्या संस्कृतात तर साध्या पाण्यालाच 'जीवन' म्हणतात. आपले पूर्वज अधिक हिशेबी होते, दुसरे काय!

स्कॉटलंडचे नाव निघाले म्हणून आणखी एक शब्द सांगतो. तिकडे थंडीच्या दिवसांत व्हिस्की, ऊन पाणी, साखर, लिंबू आणि लवंग ह्यांचा पेला करतात. मोजा, पुन्हा पाच! त्याचे नाव 'टॉडी', आणि तो शब्द आपली 'ताडी'. कवी रॉबर्ट बर्न्स ह्याच्या १७८६ च्या संग्रहात तो आलेला आहे. आमच्या कोकणच्या ताडावरचा शब्द स्कॉटलंडच्या शेकोटीपाशी जाऊन कवितेत बसला, ह्याचा कोणाला आनंद होणार नाही?

आनंद होतो खरा. पण शब्दाच्या मागोमाग त्या झाडावर चढणाऱ्या माणसाची आठवण येते आणि मन खट्टू होते. पहाटेच्या अंधारात कमरेला कोयता आणि मडके बांधून माडावर चढायचे, पोय छाटायची, थेंब थेंब रस गोळा करायचा, हा भंडाऱ्यांचा पिढीजात उद्योग. डोंगरातल्या कातकरी-ठाकरांकडे मोहाचे झाड. त्याची फुले अडीअडचणीच्या दिवसांत भाजून, शिजवून खायची, आणि सणावारी त्यांचीच दारू. नवी मुंबईच्या दक्षिणेला उरण आहे, पूर्वेला पनवेलचे डोंगर आहेत. १९७० नंतर सिडकोने जी गावे घेऊन नवे शहर वसविले, ती ह्याच ठाणे, पनवेल आणि उरणच्या पट्ट्यातली. इथे माड, ताड आणि मोह ही घरची झाडे होती.

सरकारची नजर त्या झाडांवर गेली ती महसुलासाठी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढायच्या प्रत्येक झाडावर कर आणि परवाना आला. गावोगावच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि मोहाची दारू गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेले. ह्या भट्ट्यांचे मोठे ठाणे म्हणजे आपले उरण. पारशी मक्तेदारांच्या भट्ट्या तिथे रात्रंदिवस चालत आणि मुंबई, ठाणे, कुलाबा ह्या भागांना दारू पुरवीत. गावची दारू बंद झाली नाही. गावच्या माणसाने ती करणे बंद झाले. तीच दारू आता त्याने दुकानातून, कर भरून, महाग घ्यायची. एवढ्याने भागेना म्हणून १८९२ मध्ये मोहाचा स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि जवळ बाळगण्यावरच बंधने आली. अंगणात पडलेले फूल उचलावे तर गुन्हा! इकडे सरकार म्हणे, आम्ही व्यसनाला आळा घालतो. तिकडे दुकानांचे लिलाव चढत जात. पुण्यात १८८० साली नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले ह्यांनी दारूची दुकाने वाढविण्याला विरोध केला, तो ह्याच दुटप्पीपणाला. शब्द गेला तो साहेबाच्या मेजावर मानाने बसला. ज्याच्या घामातून तो शब्द निघाला तो मात्र फौजदाराच्या पुढे हात जोडून उभा राहिला.

म्हणून दारूचे गोडवे गावेत, असे आमचे म्हणणे नाही. तिच्यापायी मोडलेली घरे कोणत्या गावाने पाहिली नाहीत? शाळेत डबा न आणणाऱ्या मुलाच्या घरची कथा मास्तरला विचारावी लागत नाही. म्हणूनच १९३९ साली मंत्री डॉ. गिल्डर ह्यांनी मुंबईत दारूबंदी आणली. ती टिकली नाही. पुढे १९४९ चा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यात बंदी आली. नंतरच्या दशकांत ती सैल झाली, पण कायदा उभा आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत आजही बंदी आहे. बाकी महाराष्ट्रात विदेशी मद्य बाळगायला आणि प्यायला कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि असले कडक मद्य घ्यायला वयाची २५ वर्षे पुरी व्हावी लागतात. दिवाणखान्यात पेला करणाऱ्या यजमानाने हेही एक द्रव्य समजून मोजावे. चोरून विकल्या जाणाऱ्या दारूत मिथेनॉल मिसळल्याने २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर गरीब माणसे गेली. पेला श्रीमंताचा असो की गरिबाचा, आत काय आहे आणि किती आहे हे ठाऊक असणे हीच पहिली गोष्ट.

ज्या घरी मद्य नको, तिथे पंच अडत नाही. जुन्या पंचांत पाण्याऐवजी चहा घालीतच. तेव्हा मद्याच्या जागी कडक, गार केलेला काळा चहा घ्यावा. बाकी लिंबू, साखर, बर्फ आणि जायफळ हुकुमाबरहुकूम. दिवाळीत फराळाने तोंड तेलकट झालेले असते. त्या वेळी चकलीमागून हा पेला आजीपासून नातवापर्यंत सर्वांना चालतो.

तो हातात घेताना त्या १६९४ च्या हुकुमाची आठवण ठेवावी. त्यातला पहिला भाग, आपला पेला आपणच मोजून करावा, हा चांगलाच आहे. पण दुसरा भाग त्याहून मोलाचा : वाडग्यावर शिक्का असावा, माप खरे असावे. गिऱ्हाइकाला खोटे माप मिळू नये म्हणून त्या सरकारने इतकी काळजी घेतली. माडावर चढणाऱ्याला आणि मोहाची फुले वेचणारीला खरे माप मिळावे म्हणून मात्र एकही हुकूम निघाला नाही. त्या कहाणीचे पाचवे उत्तर अजून यायचे आहे.