खाजन (गोवा)

मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठची, भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली व बांध घालून राखलेली शेतजमीन. गोव्यात तिचे क्षेत्र सुमारे 18,000 हेक्टर मानले जाते. मूळची ही कांदळवनांची दलदल. खाऱ्या पाण्यावर माणसाने मिळवलेला विजय, असे खाजनाचे वर्णन होते. ते अपुरे आहे. चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाच्या बांधात बसवलेल्या मानस या जलद्वाराची लाकडी झडप भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, म्हणजे इथे राबते ती भरतीच. पावसाळ्यात गोडे पाणी मातीतले मीठ धुऊन नेते तेव्हा भात पिकते. पीक निघाल्यावर मोजके खारे पाणी आत घेऊन मासे आणि कोळंबी धरतात. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले कोरगुट हे भाताचे बियाणेही मिठात तग धरूनच सिद्ध झाले. काठ माणसाने बदलला, पण पुढे त्याचे पीक आणि कामाचा हंगाम त्या काठानेच ठरवला. शिवाय एका जागी बांध फुटला की साऱ्यांची शेते बुडतात. त्यामुळे बांधाची राखण एकट्यादुकट्याची राहूच शकत नव्हती. ती गावकरी या ग्रामसंस्थेने सांभाळली. पोर्तुगीज अमलात हीच संस्था कोमुनिदाद म्हणून ओळखली गेली.

ही व्यवस्था न्याय्य नव्हती, हा आक्षेप खरा आहे. या संस्थेतला हक्क वंशपरंपरेने पुरुषांकडे जाई; चिखलात राबणाऱ्यांना निर्णयात जागा नव्हती. 1964 चा कूळ कायदा म्हणूनच आवश्यक होता. मात्र त्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, त्याच काळात कोळंबीचा भाव चढला आणि मानशीची पावणी, म्हणजे मासेमारीच्या हक्काचा लिलाव, भातापेक्षा किफायतशीर ठरू लागली. बोली जिंकणाऱ्याचा फायदा खारे पाणी जास्त काळ आत ठेवण्यात, तर शेतकऱ्याचा ते वेळेवर काढण्यात. अनेक ठिकाणी भातशेती सुटली, बांध दुर्लक्षित राहिले. खनिजवाहू बार्जांच्या लाटांनीही ते झिजवले.

पडीक खाजनात कांदळवन परतते, मग बिघडले काय, असेही विचारले जाते. बांधाबाहेरचे कांदळवन लाटा अडवते आणि माशांच्या पिलांना आसरा देते. ते राखलेच पाहिजे. पण बांध फुटून आत शिरलेले खारे पाणी भाताबरोबर आसपासच्या गोड्या विहिरीही नासवते. शतकानुशतकांत तिथले गोडे पाणी, पाणथळीतले पक्षी आणि वस्ती त्या बांधाच्या आधारानेच स्थिरावली आहेत. समुद्राची पातळी वाढत असताना काँक्रीटचे उंच बांध पुरतील असे मानणे घातक आहे. पावणीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा बांधाच्या डागडुजीसाठी बंधनकारक करणे आणि मानस कधी उघडायची हे ठरवताना कसणाऱ्यांचे मत निर्णायक ठेवणे, याची निकड अधिक आहे.